कितीपैकी किती?

प्रश्न असा आला आहे: "पुण्यात एमएसडब्ल्यू करते आहे. फील्डवर्कला ज्या वस्तीत जाते तिथली ओढ्याकाठची साठेक घरं ऐन जूनमध्ये पाडली. काहींना शहराच्या दुसऱ्या टोकाला खोल्या मिळाल्या, काहींना कागद अपुरे म्हणून काहीच नाही. वर्गातला एक जण म्हणतो, भारताने आर्थिक-सामाजिक हक्कांच्या करारावर सही केली आहे, संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करू. दुसरा म्हणतो, ते सगळे कागदी घोडे. देशावर लक्ष ठेवतात म्हणजे नक्की कोण आणि कसं ठेवतं? आमच्या वस्तीला त्याचा उपयोग काय?"

दोघेही अर्धे बरोबर आहेत. गेली पंचवीसेक वर्षं मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये हेच काम करतो आहे, त्यामुळे निराश करणारा भाग आधी सांगून टाकतो.

भारताने करारावर नुसती सही केलेली नाही. 10 एप्रिल 1979 रोजी तो रीतसर स्वीकारला, म्हणजे तो आपल्यावर बंधनकारक आहे. पण एखाद्या माणसाने किंवा वस्तीने थेट संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या समितीकडे जाऊन 'माझा हक्क मोडला' अशी तक्रार नोंदवायची सोय मूळ करारात नाही. ती आहे नंतरच्या एका जोडकरारात, ज्याला ऐच्छिक प्रोटोकॉल म्हणतात. तो 10 डिसेंबर 2008 ला मंजूर झाला, 5 मे 2013 पासून लागू झाला, आणि भारत त्यात सामील नाही. त्यामुळे तुमच्या साठ घरांची फाइल जिनिव्हात कुणी उघडणार नाही, तिला क्रमांक पडणार नाही, सुनावणी होणार नाही. वस्तीत जाऊन 'आपण युनोत केस टाकलीय' असं कृपा करून सांगू नका. हे वाक्य मी एका उत्साही कार्यकर्त्याच्या तोंडून ऐकलं आहे, आणि पुढे सहा महिने लोक त्याला 'तारीख लागली का?' म्हणून विचारत होते तेही पाहिलं आहे.

मग लक्ष ठेवतात म्हणजे काय? कॅगचा अहवाल आठवा. कॅग कुणाला तुरुंगात टाकत नाही, पैसे वसूल करत नाही. हिशेब मागते, तपासते, न पटलेलं छापून ठेवते. त्या परिच्छेदाचं पुढे काय होतं हे बाकीच्यांवर, म्हणजे विधिमंडळ, वर्तमानपत्रं, कोर्ट आणि लोक यांच्यावर अवलंबून असतं. आंतरराष्ट्रीय देखरेखीचं साधारण असंच आहे. 1966 चा हा करार 3 जानेवारी 1976 ला लागू झाला. अन्न, घर, पाणी, आरोग्य, शिक्षण, काम, सामाजिक सुरक्षा आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेणं हे त्यातले हक्क. देश ते पाळतात का हे पाहण्यासाठी 1985 मध्ये अठरा तज्ज्ञांची समिती नेमली गेली. या तज्ज्ञांना निवडून देतात देश, पण ते स्वतःच्या देशाचे वकील म्हणून बसत नाहीत. देशाने साधारण पाच वर्षांनी अहवाल द्यायचा. समिती आधी प्रश्नांची यादी पाठवते, मग जिनिव्हात सरकारी शिष्टमंडळाला समोर बसवून तीन-तीन तासांच्या दोन बैठकांत विचारपूस करते आणि शेवटी आपली निरीक्षणं व शिफारशी जाहीर करते. निवडक शिफारशींचं काय झालं हे दोनेक वर्षांत कळवायला सांगते. बस, इतकंच. दंड नाही, पोलीस नाहीत.

आता दुसऱ्या मित्राच्या बाजूचा पुरावा. भारताने दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे चार अहवाल एकत्र बांधून दिले. त्यांची तपासणी मे 2008 मध्ये झाली. पुढचा अहवाल 30 जून 2011 पर्यंत द्यायचा होता. ती तारीख अहवालाशिवायच उलटली. परीक्षार्थीच हजर नाही तर परीक्षक काय करणार? या यंत्रणेचं खरं घोडं इथे अडतं, आणि हे एवढ्या एकाच करारापुरतं नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातही भारताची तपासणी 1997 नंतर थेट जुलै 2024 मध्ये झाली, सत्तावीस वर्षांनी. तेवढ्या काळात वस्तीत एक पिढी जन्मून तिची लग्नं होतात.

तरी 2008 चा तो कागद काढून वाचा, पंधरा मिनिटांचं काम आहे. धरणं आणि खाणी यांच्याबरोबरच शहरी नूतनीकरणाचे प्रकल्प, क्रीडास्पर्धा, रस्ते-पुलांचा विस्तार, पर्यावरणाच्या नावाखालचे प्रकल्प आणि सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रं) यांमुळे लाखो कुटुंबं हलवली गेली आणि बहुतेकांना पुरेशी भरपाई किंवा पुनर्वसन मिळालं नाही, अशी चिंता समितीने त्यात नोंदवली आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर स्वतंत्र परिच्छेद आहे. महाराष्ट्रात बसून तो वाचताना वेगळंच वाटतं. ओढा रुंदीकरण हा 'पर्यावरणाच्या नावाखालचा प्रकल्प' होतो की नाही, तुम्हीच ठरवा. 2008 चं वाक्य तुमच्या यंदाच्या जूनला लागू पडतं, म्हणजे कागद जुना झाला असला तरी बाद झालेला नाही.

समिती तपासते ती कशाच्या आधारावर, हे वर्गात नीट शिकवत नाहीत असा माझा अनुभव आहे, म्हणून इथे जरा थांबतो. कराराच्या दुसऱ्या कलमात म्हटलं आहे की उपलब्ध साधनसामग्री जास्तीत जास्त वापरून हे हक्क 'क्रमाक्रमाने' पूर्ण करायचे. या 'क्रमाक्रमाने'चा आपल्याकडे 'जमेल तेव्हा' असा अर्थ लावतात. एका बैठकीत एका अभियंत्याने मला ऐकवलं, "अहो, तुमच्या करारातच लिहिलंय ना, हळूहळू." समितीने 1990 मध्येच तिसऱ्या सर्वसाधारण टिप्पणीत याचा बंदोबस्त करून ठेवला आहे. सर्वसाधारण टिप्पणी म्हणजे करारातल्या एखाद्या कलमाचा समितीने लावलेला अर्थ. ती टिप्पणी सांगते की काही गोष्टी आजपासूनच पाळायच्या आहेत. भेदभाव करायचा नाही. पावलं उचलायला सुरुवात करायची, आणि ती ठोस हवीत. प्रत्येक हक्काची एक किमान पातळी कुणाच्याही बाबतीत खाली जाऊ द्यायची नाही. आणि मागे जायचं असेल, म्हणजे काल जे मिळत होतं ते आज काढून घ्यायचं असेल, तर त्याचं चोख समर्थन देशाने द्यायचं. रोज येणारं पाणी दिवसाआड झालं, तर 'धरणात पाणी नाही' एवढं पुरत नाही. ते सगळ्या पेठांत आणि सगळ्या सोसायट्यांत सारखंच दिवसाआड झालं का, टँकर आधी कुणाच्या दारी गेला, हे प्रश्न उरतात.

घर पाडणं तर 'क्रमाक्रमाने'च्या खात्यात बसतच नाही. कुणाला घर बांधून देण्यात सरकारचा पैसा लागतो, पण असलेलं घर बेकायदा न पाडण्यात कसला पैसा लागतो? सातवी टिप्पणी 1997 ची आहे. सक्तीच्या विस्थापनाबाबत साधनसामग्री नव्हती ही सबब क्वचितच लागू पडते, असं तिच्यात म्हटलं आहे. विस्थापन अटळच असेल तर काय काय पाळायचं तेही दिलं आहे: बाधितांशी खरीखुरी चर्चा, पुरेशी आणि वाजवी नोटीस, जागेचं पुढे काय करणार याची माहिती, पाडताना सरकारी अधिकारी हजर, पाडणारे कोण हे ओळखता येईल अशी व्यवस्था, वाईट हवामानात किंवा रात्री नाही, दाद मागायचा मार्ग आणि ज्यांना हवी त्यांना कायद्याची मदत. 2007 मध्ये घरांच्या हक्काचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, मिलून कोठारी यांनी जी मार्गदर्शक तत्त्वं मांडली ती याच्याही पुढे जातात. सणासुदीत नाही, निवडणुकीच्या तोंडावर नाही, शाळेच्या परीक्षांच्या आधी किंवा चालू असताना नाही. कोठारी हे या पदावरचे पहिले, आणि भारतीय. दहावीचा पेपर तोंडावर असताना ज्या मुलीचं दप्तर जेसीबीखाली गेलं, तिला हे कलम कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या वस्तीत सातव्या टिप्पणीतले आठ मुद्दे घेऊन घरोघर जा. नोटीस मिळाली का, कोणत्या तारखेची, कुणाच्या हातात दिली की दारावर चिकटवली, मराठीत होती का, तीत पर्यायी जागेचा उल्लेख होता का. 'अन्याय झाला' हे वाक्य कुठल्याच रकान्यात बसत नाही. 'साठपैकी बेचाळीस घरांना नोटीस आदल्या दिवशी मिळाली' हे बसतं.

हा धडा मी लाज वाटावी अशा पद्धतीने शिकलो. एका आढाव्याच्या आधी दिल्लीतल्या संस्थांच्या एका जाळ्याने समांतर अहवालासाठी, म्हणजे सरकारी अहवालासोबत संस्था-संघटना आपल्या बाजूने देतात त्या अहवालासाठी, देशभरातून मजकूर मागवला होता. आमच्या गटाने पुण्याबद्दल साठ पानं लिहिली. रात्री जागून लिहिली, फोटो लावले, कविताही घातली होती, आता सांगायला हरकत नाही. आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन आला. "फार छान लिहिलंय," त्या म्हणाल्या, "पण कितीपैकी किती?" आम्ही पाहिलेल्या वस्त्या किती, त्यात घरं किती, त्यातली पाडलेली किती, पाडलेल्यांपैकी पुनर्वसन किती जणांचं, यातला एकही आकडा त्या साठ पानांत दुसऱ्या आकड्याशी जुळत नव्हता. अंतिम अहवालात पुण्याच्या वाट्याला दीड ओळ आली. ती दीड ओळही आमच्यातल्या एका मुलीने वहीत ठेवलेल्या शौचालयांच्या नोंदीतून आली होती.

त्या नोंदीबद्दल सांगतो. शौचालयाच्या भिंतीवर पाटी होती, वीस सीट. स्वच्छ भारतच्या शहरी निकषाप्रमाणे सामुदायिक शौचालयात पस्तीस पुरुषांमागे एक आणि पंचवीस महिलांमागे एक सीट लागते, त्या हिशेबाने कागदावर वस्ती पास होती. मुलीने सकाळी सहाला जाऊन एकेक दार उघडून पाहिलं. दाराला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का, दिवा लागतो का, भांडं तुंबलेलं नाही ना. चारही गोष्टी ज्यात होत्या त्या सीट निघाल्या सात, आणि त्यातल्या बायकांच्या बाजूला दोन. सरकारी तक्ता खोटा नव्हता. वीस सीट बांधल्या होत्याच.

देखरेखीच्या भाषेत यालाच तीन थरांचे निर्देशक म्हणतात. पहिला थर कायदा आणि धोरण आहे का याचा, दुसरा सरकारने काय केलं आणि किती खर्च केला याचा, तिसरा माणसाच्या हाती काय पडलं याचा. सरकारी अहवाल पहिल्या थराने भरलेले असतात, दुसऱ्याची चव देतात आणि तिसऱ्याला हात लावत नाहीत. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा आहे, शिक्षणहक्क 2009 चा, रोजगार हमी तर महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी आणली. ही यादी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. समितीचे सदस्य ती वाचतात, मान डोलावतात आणि पुढे विचारतात, ठीक, पण कुणाला मिळालं नाही? जात, लिंग, अपंगत्व, स्थलांतर यांप्रमाणे फोडून आकडे द्या. तेव्हा फायली चाळायला सुरुवात होते.

आणि आकडे फोडायचे तर छेद कुठून आणणार? आपली शेवटची जनगणना 2011 ची. त्यात पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांच्या थोडी वर होती. त्यानंतर 2017 मध्ये 11 गावं हद्दीत आली, 2021 मध्ये आणखी 23 आली, आणि 2024 मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे अंश आजच्या हद्दीचा आणि छेद जुन्या हद्दीचा. 'पुण्यात इतके टक्के लोकांना नळाचं पाणी' असं कुणी ठणकावून सांगितलं की मी पहिल्यांदा विचारतो, कुठल्या पुण्यात? हा फक्त आकड्यांचा काथ्याकूट नाही. अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातल्या 75 टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या 50 टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य द्यायची मर्यादा आहे, आणि ती लोकसंख्या धरली जाते 2011 ची. रेशन दुकानदार 'कोटा संपलाय, नवं नाव चढत नाही' म्हणतो त्यामागे हा छेद उभा असतो. नव्या जनगणनेची संदर्भ-तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. तोपर्यंत वस्तीपुरता छेद तुम्हालाच मोजावा लागेल.

मोजायला पदवी लागत नाही. एका टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत पाण्याची नोंद ठेवायचं ठरलं, तेव्हा तयार झाल्या त्या धुणीभांडी करणाऱ्या, चौथी शिकलेल्या एक मावशी. दोनशे पानी वही, चार रकाने: तारीख, पाणी आलं ती वेळ, गेलं ती वेळ, किती हंडे भरले. महिन्याने वही पाहिली. काही दिवस शून्य होतं, काही दिवशी फुली, काही जागा कोऱ्या. मी म्हटलं, मावशी, हे तीन प्रकार का? म्हणाल्या, "शून्य म्हणजे पाणी आलंच नाही. फुली म्हणजे आलं, पण मी कामावर व्हते, मला गावलं नाही. कोरं म्हणजे मी गावाला गेलते, मला काय ठाऊक?" नोंद नसणं आणि शून्य असणं यातला फरक डॉक्टरेट झालेल्या लोकांच्या तक्त्यांतही मला अनेकदा सापडलेला नाही. आणि खरा निष्कर्ष फुल्यांत होता. महिन्यात शून्यं तीन, फुल्या अकरा. पालिकेच्या रजिस्टरला त्या अकरा दिवशी पाणी 'दिलं' होतं. 2002 च्या पंधराव्या टिप्पणीत पाण्याच्या हक्काचे भाग पाडले आहेत: पाणी उपलब्ध असणं, चांगलं असणं आणि ते माणसाला गाठता येणं. मावशींनी ती टिप्पणी वाचली नव्हती. त्यांच्या फुलीचा अर्थ मात्र तोच, पाणी उपलब्ध होतं पण गाठता आलं नाही. आम्ही त्या फुल्या घेऊन गेलो तेव्हा पाण्याची वेळ दीड तास अलीकडे आली. जिनिव्हाचं नावही काढावं लागलं नाही.

पुण्याला हे नवीनही नाही. 1870 मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने 1876 ते 78 च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं धाडून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवली. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो मुख्यतः रयतेच्या घामातून आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांवर, असा त्यांचा युक्तिवाद होता. कर कुणाचा, खर्च कुणावर, हा प्रश्न आज समितीचे सदस्य अर्थसंकल्पाच्या पुस्तकावर बोट ठेवून विचारतात. समांतर अहवाल कसा असावा असं कुणी विचारलं तर मी आधी ते निवेदन वाचायला सांगतो.

पुन्हा तुमच्या साठ घरांकडे. समितीसमोर भारताची तपासणी नजीक दिसत नसेल, तर दुसरी दारं आहेत आणि त्यातलं एक तुमच्या कामाचं आहे. घरांच्या हक्कासाठी संयुक्त राष्ट्रांचे एक विशेष प्रतिवेदक असतात. 2020 मध्ये हे पद बालकृष्णन राजगोपाल यांच्याकडे आलं. त्यांच्या आधीच्या लैलानी फरहा एप्रिल 2016 मध्ये भारतात येऊन वस्त्या पाहून गेल्या. भारताने 2011 मध्ये अशा सगळ्या विषयवार प्रतिवेदकांना कायमचं निमंत्रण दिलेलं आहे. त्यांच्याकडे कुणीही माहिती पाठवू शकतं. देशाने अमुक प्रोटोकॉल स्वीकारला पाहिजे किंवा आधी इथली सगळी कोर्टं पालथी घातली पाहिजेत, अशी अट नाही. माहिती पटली तर ते सरकारला पत्र लिहितात, उत्तराला साधारण साठ दिवस देतात आणि नंतर पत्र व उत्तर दोन्ही जाहीर होतात. दरवेळी पत्र जातंच असं नाही, गेलं तरी उत्तर येतंच असं नाही. पण दिल्लीहून 'खुलासा सादर करा' असा कागद खाली आला की महापालिकेतली गवनि (गलिच्छ वस्ती निर्मूलन) विभागाची फाइल पुन्हा टेबलावर येते. एवढा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. यापलीकडे पाहिलेला नाही.

इथे एक धोका आहे. पत्रात ज्यांची नावं जातील त्यांची संमती घ्या, आणि संमती म्हणजे नुसता अंगठा नव्हे. तुमचं नाव सरकारपर्यंत जाईल, हे त्यांच्या भाषेत, घरातल्या बाकीच्यांसमोर सांगा. ज्याचा फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र) अजून तपासणीत अडकला आहे तो नाही म्हणाला तर त्याचं बरोबर आहे.

बाकीची दारं भराभर सांगतो. महिलांच्या हक्कांची समिती, बालहक्क समिती आणि अपंगांच्या हक्कांची समिती वेगळ्या आहेत, आणि भारताची तपासणी पहिल्या दोघींपुढे 2014 मध्ये तर तिसरीपुढे 2019 मध्ये झाली. घर पाडल्यामुळे शाळा सुटलेली मुलं हा बालहक्क समितीचा विषय आहे, तेव्हा एकाच दारावर डोकं आपटत बसू नका. शिवाय मानवी हक्क परिषदेत देशच देशांना प्रश्न विचारतात, ज्याला यूपीआर (सार्वत्रिक नियतकालिक आढावा) म्हणतात. भारताची पाळी 2008, 2012, 2017 आणि 2022 मध्ये आली होती. तिथे एका संस्थेला 2,815 शब्द मिळतात, अनेकांनी मिळून दिलं तर 5,630. कविता बसत नाही. आणि शाश्वत विकास उद्दिष्टांचे ते रंगीत निर्देशांक यांच्यात मिसळू नका. त्यात राज्यांची गुणानुक्रमे यादी असते, हक्क मोडला गेला का याचं उत्तर नसतं.

उपयोगाचं बरंचसं इथेच आहे, म्हणून थोडं इथल्या कायद्याबद्दल. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात मानवी हक्कांच्या व्याख्येतच हा करार आहे, पण 'भारतातील न्यायालयांमार्फत अंमलात आणता येतील असे' अशी शेपटी जोडून. म्हणून करार एकटा नेऊ नका, संविधानाच्या कलम 21 च्या, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या, हातात हात घालून न्या. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं, हे लोक विसरतात. मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस निकालाची (1985) सगळे एकच बाजू सांगतात, की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने झोपड्या काढायला परवानगीही दिली, मात्र पावसाळा संपून महिना झाल्यावर, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 नंतर. तुमच्याकडे जून आहे. राज्याचा पावसाळ्यात राहती घरं न पाडण्याबाबतचा 2021 चा शासन निर्णयही आहे, तो सोबत लावा. दिल्ली उच्च न्यायालयाने सुदामा सिंह (2010) आणि अजय माकन (2019) या दोन निकालांत हा करार आणि विस्थापनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं थेट वापरली आहेत, तुमच्या वकिलांना ते दोन वाचायला सांगा. नोव्हेंबर 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बुलडोझर निकालावर मात्र फार भिस्त ठेवू नका. पंधरा दिवसांच्या नोटिशीचा नियम त्यात आहे, पण रस्ते, पदपथ, रेल्वेमार्गालगतच्या आणि नदी-जलस्रोतांवरच्या बांधकामांना तो लागू नाही. ओढा म्हटला की समोरचा वकील पहिलं हेच काढेल.

ज्यांना खोल्या मिळाल्या त्यांचं काम झालं असं समजून त्यांना वहीतून वगळू नका. 1991 च्या चौथ्या टिप्पणीत पुरेशा घराच्या सात कसोट्या आहेत. राहण्याची कायदेशीर शाश्वती, सेवासुविधा, परवडणं, राहण्याजोगं असणं, सगळ्यांना मिळू शकणं, जागेचं ठिकाण आणि सांस्कृतिक अनुरूपता. पुण्यात पाचव्या मजल्यावरची खोली पहिल्या काहींत पास होते आणि ठिकाणात नापास. कोथरूडमध्ये चार घरची कामं करणाऱ्या बाईला दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून यायला लागलं की सकाळची पहिली दोन घरं सुटतात. लिफ्ट बंद असेल तर सासूबाई महिनोन् महिने खाली उतरत नाहीत. म्हणून हलवल्यापासून तीन, सहा आणि बारा महिन्यांनी त्याच कुटुंबांना तेच पाच-सहा प्रश्न विचारा: किती कामं होती, किती उरली, प्रवासाला किती पैसे आणि किती वेळ, मुलं कुठल्या शाळेत, रेशनकार्ड बदललं का, देखभालीचा खर्च किती.

सुरुवात या आठवड्यात करायची तर माहिती अधिकाराचे दोन वेगवेगळे अर्ज टाका, कारण महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द चालतात. पहिल्यात पाडकामाचा आदेश, नोटिशींच्या पोच आणि पंचनामे मागा. दुसऱ्यात पात्र-अपात्र याद्या आणि अपात्रतेची कारणं. दहा रुपये एकाचे, उत्तराची मुदत तीस दिवस. तोवर घरोघरची नोंद पूर्ण होते आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. प्रतिवेदकांना पाठवायचं ते इंग्रजीत, चार पानांच्या आत, आणि पहिल्याच परिच्छेदात तारीख, ठिकाण, घरं किती, माणसं किती, त्यात बायका-मुलं किती. मूळ मराठी नोंदी तुमच्याकडे राहू द्यात.

वही शिवलेली घ्या, स्प्रिंगची नको. एकदा सुनावणीत आमच्या वहीतलं एक पान निसटलेलं निघालं आणि मधलं कुठलं पान गेलं यावरच अर्धा तास गेला. शिवलेल्या वहीत पानांना आधीच क्रमांक टाका, एक ते दोनशे, पेनने.